मी बुजवलेल्या खुणा

हिंगोलीत मला आडनावानं कोणी ओळखत नाही. 'पॉलिशवाले रशीदभाई' म्हणा, रिक्षावाला बराबर घरासमोर आणून सोडतो. या अंकाच्या संपादकांच्या घरचा दिवाण आणि दारं मीच केलेली. ते म्हणाले, "रशीदभाई, लोकांच्या घरात बसून उभा जन्म काढला तुमी, कायतरी लिवा." मी म्हणालो, "मला पोटली धरता येते, पेन न्हाई." तरी ऐकेनात. गोष्ट सांगतानाचं माझं 'न्हाई' त्यांनी लिहिताना 'नाही' करून टाकलं आहे, कोणाचं बोलणं आलं तिथं तेवढं राहू दिलं. बाकी बोलणं माझंच आहे.

आधी धंदा सांगतो, कारण लोकांना वाटतं पॉलिश म्हणजे डबा उघडायचा आणि फासायचं. तसं असतं तर माझी बोटं अशी तपकिरी झाली नसती. जुनं लाकूड आलं की पहिल्यांदा पत्र्यानं खरवडून जुना रंग काढायचा. मग पॉलिश पेपर, आधी खरबरीत, मग मऊ, मग त्याहून मऊ. मग भोकं, चिरा, खड्डे, टवके जे असेल त्यात लांबी भरायची. लांबी म्हणजे खडूची पूड, डिंक आणि त्या लाकडाच्या रंगाला जुळेल एवढा गेरू नाहीतर पिवडी, असं मळलेलं पीठ. ती वाळली की परत घासायची. मग लाखेचे दाणे स्पिरिटमधे विरघळवायचे, मलमलच्या फडक्यात कापूस बांधून पोटली करायची आणि आठाच्या आकड्यासारखा हात फिरवत राहायचं. एक हात, दोन हात, पंधरा हात. घाई करणाऱ्यानं या धंद्यात येऊ नये.

आणि गिऱ्हाईक! एकानं सागवानी कपाटाला गुलाबी ऑइल पेंट मारून मागितला, कारण बायकोला गुलाबी आवडतो. मी तीन दिवस समजावलं, चौथ्या दिवशी मारला. शिरड शहापूरला एका घरी जेवणाचं टेबल करून दिलं, तर आठ दिवसांत फोन. टेबलावर रोज सकाळी पांढरं कडं उमटून राहिलं म्हणे. मी गेलो तर टेबलावर लिंबू, मिरच्या, हळदकुंकू. घरातल्या म्हातारीनं निकाल देऊन टाकला होता, भानामती! मी विचारलं, "चहाची किटली कुठं ठिवता?" कुणीतरी त्या कड्यावरच बोट ठेवलं. लाखेला गरम सोसत नाही, पांढरी पडते, एवढीच भानामती. पोटली स्पिरिटमधे जराशी ओली केली, हलक्या हातानं फिरवली, कडं गेलं. मी किटलीचं पुन्हा पुन्हा सांगितलं, पण माझ्या दाढीकडं बघून म्हातारीनं मला फकीरच ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिथली एक बाई लेकरू घेऊन हिंगोलीला माझ्या दारात. म्हणाली, "चाचा, रडूनच राहिलंय, जरा फुंकर घाला." घातली. काय करता!

असे किस्से पुष्कळ आहेत, पण मला माझ्याच हाताबद्दल विचार करायला लावला तो कावेरीबाईंच्या कामानं. तेच सांगतो.

कावेरीबाई म्हणजे शाळेतल्या बाई. अर्धं हिंगोली त्यांच्या हाताखाली बाराखडी शिकलं. मास्तर, म्हणजे त्यांचे मालक, जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक पोरगा अविनाश, तो पुण्याला इंजिनियर. बाई स्टेशनच्या बाजूला स्वतःच्या घरात एकट्या राहतात. आणि त्यांना दिसत नाही. काचबिंदूनं नजर हळूहळू गेली, आता उजेड-अंधार तेवढा कळतो. तरी स्वयंपाक त्यांचा त्या करायच्या, मागच्या दारी तुळशीला पाणी घालायच्या, आल्यागेल्याला चहा द्यायच्या. अविनाश दर वर्षी म्हणायचा, "आई, पुण्याला चल." बाई म्हणायच्या, "मी या घरात कुठं अडखळले का आजवर? ज्या दिवशी अडखळीन त्या दिवशी येईन." मायलेकात हा करारच झाला होता म्हणा.

परवाच्या उन्हाळ्यात अविनाशचा मला फोन आला. "चाचा, आईची पंचाहत्तरी आहे. बाबांनी हौसेनं करून घेतलेलं फर्निचर पार रया गेल्यासारखं दिसतंय. आई दहा दिवस मावशीकडं नरसीला जाणार आहे. ती यायच्या आत सगळं नव्यासारखं करा. तिला सांगू नका, मला तिला चकित करायचंय."

पोरगं मायेनं बोलून राहिलं होतं. मलाही बरं वाटलं. उन्हाळा पॉलिशला चांगला, हवेत ओल नसते, लाख कशी काचेसारखी बसते. शेजारणीकडून किल्ली घेतली आणि कामाला लागलो. सगळं अस्सल सागवान. स्वयंपाकघरातलं फडताळ, मधल्या खोलीतलं टेबल, कपाट, बाजेजवळची पेटी, आणि दारांच्या चौकटी. पण हालत काय सांगू! फडताळाच्या फळ्यांच्या कडेला सुरीनं कापल्यासारख्या खाचा. टेबलाचा कोपरा टवका उडालेला. चौकटीला कमरेच्या उंचीवर खड्डे. कपाटाच्या दाराला ओरखडे. मी मनात म्हणालो, बिचाऱ्या बाई, दिसत नाही, कुठंही सुरी मारतात, कुठंही भांडं आपटतात. मला कीव आली. मन लावून एकेक खाच भरली. लांबीत गेरू किती, पिवडी किती, थेंबाथेंबानं जुळवलं. वरून बारीक ब्रशानं लाकडाच्या रेघासुद्धा ओढल्या. शेवटचा हात फिरवला तेव्हा कुठं खड्डा होता ते माझं मला सापडेना. अविनाशला मोबाईलवर दाखवलं, तो म्हणाला, "चाचा, आरसा केलात आरसा!" इतकं सुंदर काम मी आयुष्यात केलं नव्हतं. खोटं काहून बोलू, घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं.

महिनाभरानं वारंगा फाट्याचा एक ढाबेवाला आला. घरच्या दिवाणखान्याचं काम द्यायचं होतं, पण आधी नमुना बघायचा होता. मी म्हणालो, चला, नमुनाच दाखवतो. आणि त्याला घेऊन ऐटीत बाईंच्या दारात.

दार उघडलं शेजारच्या सुनेनं. आत बाई बाजेवर बसलेल्या, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमधे. मी उंबऱ्यातच थांबलो. ढाबेवाल्याचं तिकडं लक्षच नाही, तो टेबलाकडं बघून म्हणतो, "वा भाई, एक नंबर काम हाय!"

बाईंनी आवाजाकडं मान वळवली. "रशीदभाई आलेत का? या. मला तुमाला एकच विचारायचं होतं. माझ्या खुणा कुठं ठिवल्या तुमी?"

"कसल्या खुणा, बाई?"

"फडताळाच्या पहिल्या फळीला एक खाच म्हणजे मीठ. दोन म्हणजे साखर. तीन म्हणजे सोडा. टेबलाचा कोपरा फुटका लागला की तिथून डावीकडं वळायचं. मागच्या चौकटीला खड्डा लागला की पुढं पायरी. नरसीहून आले, हात लावला, तर सगळं गुळगुळीत. आपल्याच घरात मला वाटलं, कोणा परक्याच्या घरात आणून सोडलं की काय." मग हसल्या. "पहिल्या दिवशी चहात मीठ टाकलं. चौथ्या दिवशी पायरी हुकली."

खरं सांगायचं तर आधी मला रागच आला. मी म्हणालो, "बाई, मला कोणी सांगितलं का? मला काय सपान पडतंय? पोरानं सांगितलं नव्यासारखं करा, केलं."

"तुमची काय चूक? त्याची बी न्हाई. त्यानं कधी डोळे मिटून घरात हात फिरवलाय?" बाई म्हणाल्या. "नजर जाऊन राहिली होती तेव्हाच मी तयारी केली. रोज एकेक खूण. त्याला बोलले न्हाई, त्याला तकलीफ झाली असती. रविवारी गाडी घेऊन येतोय. कुलूप लावायचं ठरलंय. मीच म्हणाले होते ना, अडखळीन त्या दिवशी येईन. शब्द दिला तो दिला."

शेजारची सून डोळे पुसत आत गेली. ढाबेवाला बिचारा पायातली चप्पल बघत उभा. त्याला मी बाहेर नेऊन म्हणालो, "भाऊ, तुमचं काम पुढच्या आठवड्यात. आता न्हाई जमायचं." त्या दिवशी गुरुवार होता.

घरून अवजारांची पिशवी आणली. बाईंना म्हणालो, "सांगा, कुठं कुठं होत्या? पुन्हा पाडून देतो."

तर बाई म्हणतात, "मला काय माहीत?"

"म्हंजे?"

"कुठल्या फळीला, किती, ते सांगीन. पण कडेपासून किती बोटं, किती खोल, ते मला कुठं पाठ हाय? हाताला माहीत होतं. आणि त्यातल्या निम्म्या मी पाडल्याच न्हाईत, आपोआप पडलेल्या. हातानं त्या आपल्या म्हणून ठिवून घेतल्या."

मी अंदाजानं फडताळाच्या पहिल्या फळीला पटाशीनं एक खाच पाडली. माझ्याच आरशावर, पण सुबक, चौकोनी. बाईंनी डावा हात आणून लावला आणि लगेच काढून घेतला. "ही माझी न्हाई," म्हणाल्या.

आता आली का पंचाईत! जुन्या खाचा आत होत्याच, माझ्या लांबीखाली. लांबी उकरली की जशीच्या तशी खाच निघणार. पण लांबी आहे कुठं? मी बॅटरी आडवी धरून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. अहो, मीच लपवलेलं मला दिसेना! आयुष्यभर ज्या हुशारीचं कौतुक ऐकलं ती हुशारी त्या दिवशी माझ्या बोकांडी बसली. सगळ्या लाकडाचं पॉलिश स्पिरिटनं धुऊन काढलं तर लांबी उघडी पडली असती, पण तीन दिवसांत एवढं लाकूड धुणार कसं, आणि त्या वासात बाई बसणार कुठं?

मी कपाळाला हात लावून बसलो होतो. बाई मात्र फडताळाला धरून उभ्याच होत्या. डाव्या हाताची बोटं फळीच्या कडेवरून हळूहळू सरकत होती. एकदम थांबल्या.

"रशीदभाई, इथं लाकूड न्हाई."

"काय म्हणता?"

"इथं थंड लागतंय. बाजूला कोमट, इथं थंड. लाकूड असं थंड नसतं."

मी बोट लावलं. मला काहीच कळलं नाही. बाई म्हणाल्या, "डोळे मिटा. आणि दाबू नका. तापलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावतात तसा लावा." मी डोळे मिटले. दोनदा, तीनदा. चौथ्यांदा, तुम्हाला खोटं वाटेल, पण कळलं! राईएवढ्या जागेत बोटाला गारवा. खडू तो खडूच, वरून कितीही लाख फासा. टोच्या घेतला आणि तिथं टोकरलं. बारीक भुगा निघाला आणि खाली खाच. वाकडी, एका बाजूला खोल, सुरीनं ओढलेली. बाईंनी तीत अंगठ्याचं नख बसवलं.

"मीठ," म्हणाल्या, आणि एवढ्या मोठ्यांदा हसल्या की शेजारची सून धावत आली.

मग शुक्रवारी रात्रीपर्यंत आमचं तेच काम. बाई पुढं, मी मागं टोच्या घेऊन. त्या बोटानं दाखवायच्या, मी उकरायचो. प्रत्येक खूण निघाली की ती काय सांगते हे त्या सांगायच्या आणि मी लेकरासारखा ऐकत बसायचो. कपाटाचे ओरखडे म्हणजे वरच्या कप्प्यात बाहेर जाताना नेसायची लुगडी, खालच्यात घरातली. टेबलाचा टवका अविनाशनं लहानपणी भोवरा मारून उडवलेला, त्यासाठी मास्तरांचा मार खाल्लेला. "आता तोच टवका मला स्वयंपाकघराची वाट दाखवतो," बाई म्हणाल्या. मी विचारलं, "बाई, एवढं सगळं डोक्यात राहतं कसं?" तर म्हणाल्या, "तुमच्या हाताला लाख सुकली का ओली ते कसं कळतं?" मी म्हणालो, "कळतं बुवा." "मग तसंच," म्हणाल्या.

मी इतकी वर्षं लाकडावर हात फिरवला तो एकाच गोष्टीसाठी, कुठं काही लागत तर नाही ना. काही लागलं की घास, लागलं की बुजव. जे लागतं ते कोणाच्या तरी कामाचं असेल हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. किती घरांतलं काय काय बुजवलं असेल मी, अल्लाच जाणे. गिऱ्हाइकांनी शाबासकी दिली आणि मी घेतली. हे मनाला लागलं ते अजून लागतं.

एक तकलीफ होतीच. बाईंचा सराव उजव्या हाताचा, आणि उजवा प्लास्टरमधे. डाव्या हाताला खुणा सापडत होत्या, पण चालताना उलट्या बाजूला यायच्या. शनिवारी दिवसभर त्या बाजेपासून मोरीपर्यंत, मोरीपासून मागच्या दारापर्यंत फेऱ्या मारत राहिल्या. दोनदा टेबलाला आपटल्या. मी म्हणालो, "राहू द्या बाई, अविनाशला मी समजावतो, हात बरा होईस्तोवर थांब म्हणतो." त्या कडाडल्या, शाळेतल्यासारख्या. "काही सांगायचं न्हाई! मी अडखळले ते खरं हाय. आता अडखळत न्हाई ते बी त्याला दिसलं पायजे."

रविवारी दहाच्या सुमारास अविनाश आला. चांगलं पोरगं, वाईट बोलवत नाही. आल्या आल्या पाया पडला, प्लास्टरवर हात ठेवला, डोळे भरून आले त्याचे. मग टेबलाकडं बघितलं आणि म्हणाला, "चाचा, हे काय झालं? मागच्या महिन्यात तर..." मी तोंड उघडणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "ते मग. आधी तुझं सामान भरायचं काम आवर."

त्यांनी अडवलं नाही. त्यानं बाजेजवळची पेटी उचलून गाडीच्या डिकीत ठेवली, दोन पिशव्या ठेवल्या. मला वाटलं, संपलं सगळं. माझ्या आरशापायी एका बाईचं घर गेलं.

तो हात झटकत आत आला तेव्हा बाई म्हणाल्या, "बसा दोघं. निघायच्या आधी चहा करते."

"आई, तू कशाला, मी करतो."

"बस म्हणलं ना."

बसलो. बाई उठल्या. डावा हात टेबलाच्या कडेवरून सरकत गेला, टवक्यापाशी थांबला. तिथं त्या जरा जास्तच थांबल्या. माझ्या तोंडापर्यंत 'डावीकडं' आलं होतं, जीभ चावली. अविनाश अर्धा उठला होता. त्या वळल्या, बराबर. स्वयंपाकघरात फळीवर बोट गेलं, एक, दोन, डबा काढला. गॅस पेटल्याचा आवाज. मग एका हातानं ट्रे धरता येईना म्हणून एकेक कप करत तीन फेऱ्यांत तीन कप. एक थेंब सांडला नाही. अविनाशनं घोट घेतला. साखरच होती. मीही घेतला.

अविनाश कप हातात घेऊन फडताळापाशी गेला. खाचांवर बोट फिरवत राहिला. एक, दोन, तीन. मग चौकटीचा खड्डा. खाली बसून टेबलाचा टवका. तिथं त्याचं बोट बराच वेळ राहिलं. मी त्याला सगळं सांगितलं, लांबी, मीठ, गारवा, सगळं. त्यानं एवढंच विचारलं, "आई, तू मला कधी बोलली काहून नाहीस?" बाई म्हणाल्या, "तू कधी विचारलंस? तू निस्तं चल चल म्हणायचास."

तो बाहेर गेला. मला वाटलं रुसला. गाडीची डिकी उघडल्याचा आवाज आला, मग पावलांचा, जड. पेटी घेऊन आत आला आणि मधल्या खोलीत टेकवली. बाईंनी कप खाली ठेवला, आवाजाच्या दिशेला मान केली.

"वाटंत न्हाई रे," म्हणाल्या, "भिंतीला लाव."